न बोलावता यायचा दिवस

७ एप्रिल, सोमवार

टपाल कचेरीबाहेर कागद चिकटवलाय. शनिवारी सकाळी आठ वाजता सायकलींवरून नदीच्या मोठ्या वळणापर्यंत जायचं, बारा किलोमीटर, कचरा गोळा करायला. हातमोजे आणि पिशव्या मिळतील, खाणं ज्याचं त्याने. खाली नावं लिहायची.

मी नाही लिहिलं. चौसष्टाव्या वर्षी काय शोभा करून घ्यायची!

८ एप्रिल, मंगळवार

लिहून आले. नुसतं ‘ते. पेइकोवा’. बत्तीस वर्षं ह्याच गावात सायकलवरून पत्रं वाटली, बारा किलोमीटर म्हणजे काय मोठंसं!

खरं कारण वेगळंच आहे. इथे लिहायला कुणाची चोरी? ह्या रविवारी फुलांचा रविवार, ईस्टरच्या आधीचा. फुलांची-झाडांची नावं असलेल्या सगळ्यांचा नामदिन. माझं नाव रानातल्या जांभळ्या फुलाचं, नवऱ्याचं, वर्बानचं, वाळुंजाचं — दोघांचा एकच दिवस! घरात पाय ठेवायला जागा नसायची. बोलावणं कुणालाच नाही. नामदिनाला कुणी बोलावतं का? लोक आपणहून येतात, आपण फक्त दार उघडं ठेवायचं. गेल्या वर्षी सुतक होतं, कुणी आलं नाही, ते बरोबरच. पण ह्या वर्षी? वर्बानचे दोस्त अर्धे गेले, उरलेले पोरांकडे जर्मनीत. माझं माणूस म्हणावं असं कोण आहे? शनिवारी चार नवी माणसं भेटतील, नाव विचारतील, त्यांच्या आपोआप लक्षात येईल. एक जरी आलं तरी पुरे.

९ एप्रिल, बुधवार

शेजारची मिन्का कुंपणावरून म्हणाली, “तेमेनुगा, रागावू नकोस हं. पण दारावर अजून काळी फीत आहे. अशा दारात मिठाई घेऊन यायची छाती कुणाला होईल?”

“वर्षभर ठेवायची असते,” मी म्हटलं.

“चौदा महिने झाले, बाई!”

तिला काय, तिचा नवरा घरात घोरतोय.

१० एप्रिल, गुरुवार

फीत काढली. दिवसभरात चार वेळा बाहेर जाऊन दाराकडे बघून आले. वर्बान, चुकलं असेल तर चुकलं!

११ एप्रिल, शुक्रवार

तीन किलो मासे घेतले. उपासाच्या दिवसांत परवा मासे चालतात, म्हणून दुकानात ही गर्दी. कोळीण म्हणाली, “बरीच मंडळी येणार वाटतं!” मी म्हटलं, “बघू.”

१२ एप्रिल, शनिवार

कंबरेचा काटा ढिला झालाय. तरी लिहितेच.

एकतीस सायकली! माझी सोडून सगळ्या चकाचक. पुढारी यावोर — सायकली दुरुस्त करतो, पस्तिशीचा, गळ्यात शिट्टी. दोन वर्षांपूर्वी समुद्रकाठचं गाव सोडून इथे आला, आणि आता जिथे बघावं तिथे ह्याचाच गलका. माझी सायकल बघून ओरडला, “बाजूला व्हा रे, सरकारी वाहन आलंय!” सगळे खो-खो हसले. मग रस्त्यातच उकिडवा बसून त्याने माझा ब्रेक आवळून दिला.

“मावशी, ही तुमच्या आधी निवृत्त व्हायला हवी होती.”

“तू रांगत होतास तेव्हापासून चढ चढतेय ती,” मी म्हटलं. फार बरं वाटलं. कितीतरी दिवसांत कुणाशी अशी थट्टा केली नव्हती.

पण चढ लागला आणि पडलेच मागे. सगळे जोडीजोडीने, गप्पा मारत. बँकेतली बीस्त्रा थोडा वेळ माझ्याबरोबर चालवत होती. मी खडा टाकून बघितला, “उद्या फुलांचा रविवार ना?”

“हो ना मावशी! दोन आत्या, एक चुलतभाऊ — तीन घरं! पोट फुटणार माझं!” आणि गेली पुढे. तुमचं नाव काय, एवढं काही तिच्या तोंडातून आलं नाही.

नदीची दशा बघवत नव्हती. टायर, बाटल्या, फ्रीजचं एक दार. मुळांत अडकलेला गालिचा मी आणि यावोरने मिळून ओढला, सुटला तसे दोघेही चिखलात बसलो! काम संपल्यावर जो तो उद्या दाराला लावायला वाळुंजाच्या फांद्या मोडायला लागला. यावोरने शिट्टी फुंकली, “एकेकच! झाड भादरू नका!” कुणीतरी ओरडलं, “अरे, उद्या तुझाही दिवस! तुझ्याकडे तर जत्रा असणार!” मेपल झाडाचं नाव त्याचं. तो हसून म्हणाला, “दार उघडंच असतं.”

किती सहज म्हणाला! मीही म्हणू शकले असते. चौसष्टाव्या वर्षी तोंड वेंगाडून कोण सांगणार, की माझाही आहे हो?

परतताना टेकडीवरचं हिरवं फाटक त्याने दाखवलं, “हा आमचा महाल.” चौकात सगळे पांगले. “मावशी, पुढच्या वेळी तेल घालून आणा!” मावशी, मावशी! तीस जणांपैकी एकानेही नाव विचारलं नाही.

१३ एप्रिल, रविवार

सकाळी चर्चला जाऊन आले. दाराला वाळुंजाची फांदी लावली. दहा ताटं मांडली, मग चार उचलली, मग पुन्हा मांडली.

बारा वाजले. मासे भाजून तयार. मिन्का लेकीकडे गेलीय.

एक वाजता रुसेहून चुलतबहिणीचा फोन. “अभिनंदन गं! गर्दीत जास्त वेळ खात नाही तुझा, ठेवते!” मी म्हटलं, “हो, आहेत ना मंडळी.” का खोटं बोलले? कपाळ माझं!

अडीचला फाटक वाजलं. धावत गेले, एप्रनसुद्धा काढून फेकला. एक जोडपं, हातात मांजर — गुरांचा डॉक्टर कुठे राहतो? सांगितला पत्ता. पत्ते सांगण्यात माझा हात कोण धरणार! “आत येता का?” विचारलं. घाईत होते.

चार. मासे गार झाले. रडले. वर्बानवर चिडले — सगळे तुझे दोस्त होते रे! मी नुसती ताटं वाढणारी. तू गेलास आणि घरादारासकट माणसं घेऊन गेलास. हे घर आता खायला उठतं मला.

साडेपाच. डोळ्यांसमोर सारखं त्या यावोरचं अंगण येतंय. तीस माणसं, हसणं-खिदळणं, कुणीतरी वाजवत असेल. जळफळाट होतोय अगदी.

आणि आता सुचतंय — मूर्ख बाई! तिथेही कुणाला बोलावलेलं नाही. बोलावतच नसतात! मग मला कोण अडवणार? एवढ्या गर्दीत एक म्हातारी कोपऱ्यात बसली तर कुणाच्या डोळ्यांत खुपणार आहे? आपल्या घरात यजमानीण होऊन रडण्यापेक्षा दुसऱ्याच्या घरी पाहुणी झालेलं बरं. जळो मेलं! मासा बांधते, कोट घालते.

१४ एप्रिल, सोमवार

हिरव्या फाटकाशी एकही सायकल नव्हती. यावोरने दार उघडलं. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट. मागे वीस जणांचं टेबल, एकही ताट उष्टं नाही.

“मावशी! तुम्ही पहिल्या,” म्हणाला. तेव्हा पावणेसात झाले होते. “सगळ्यांना वाटलं असेल, त्याच्याकडे काय, जत्रा असेल.”

मी माझा मासा टेबलावर ठेवला. त्याचा गार मासा आणि माझा गार मासा, दोन्ही आम्ही खाल्ले. मग पेला उचलून तो थांबला. “कुणाच्या नावाने पिऊ? तुमचं नाव तर सांगा!”

“तेमेनुगा.”

त्याने पेला खाली ठेवला. “म्हणजे आज तुमचाही! आणि तुम्ही इथे?”

मी रडायला लागले. तो उठला, बाटली काखेत मारली, कोट चढवला. “चला. किती उशीर झाला मला तुमच्याकडे यायला.”

पावणेआठ वाजता माझ्या घरी पाहुणा आला.