ठिगळीचा आवाज

प्रिय बडबडे,

या नावानं तुला हाक मारून किती वर्षं झाली, मलाच आठवत नाही. पत्र बघून दचकू नकोस, माझी तब्येत ठणठणीत आहे. दर रविवारी फोनवर बोलतो आपण, पण तिथं तू सगळं ठीक आहे म्हणतेस, मी बरं म्हणतो आणि दोन मिनिटांत दोघंही सुटतो. वर्षभर हेच चाललंय, आणि वर्षभरात तू एकदाही घरी आलेली नाहीस. म्हणून लिहायला बसलो. कापडावर खडूनं रेघा मारणारा हात आहे हा, अक्षर तिरकं गेलं तर सांभाळून घे.

आधी आपल्या मांजरीची, ठिगळीची बातमी. ती आजारी होती, आता सावरते आहे. पंधरा दिवसांपूर्वी तिनं खाणं सोडलं. मी म्हटलं, वय झालं, खाईल उद्या. चौथ्या दिवशी ती कपाटामागं अस्तराच्या चिंध्यांत जाऊन बसली, तेव्हा तिला टोपलीत घालून प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी तिचं तोंड उघडून दाखवलं. दोन दाढा किडलेल्या, हिरडी सुजून लाल. हे काही महिन्यांचं दुखणं आहे, ही ओरडली कशी नाही, असं त्यांनी विचारलं. मी फुशारकीनं सांगितलं की आमची मांजर भारी गुणी, लेक सासरी गेली त्याला तीन वर्षं झाली, सुरुवातीचे दिवस सोडले तर हिचा आवाज म्हणून नाही. बाई हातमोजे काढता काढता थांबल्या.

मग त्यांनी जे सांगितलं ते तुला कदाचित माहीत असेल, मला नव्हतं. मोठी झालेली मांजरं एकमेकांशी सहसा म्याव करत नाहीत म्हणे. त्यांचं आपसातलं बोलणं कानांत, शेपटीत, वासात असतं. भांडतानाचं गुरगुरणं वेगळं. म्याव करतं ते पिल्लू, आईला बोलवायला. पण माणसांत राहणारं मांजर ती हाक जन्मभर सोडत नाही, कारण माणसाला शेपूट वाचता येत नाही हे त्याला कळलेलं असतं. ज्या आवाजाला उत्तर मिळतं तोच आवाज ते पुन्हा काढतं. त्यामुळे घराघरांतल्या मांजरांची बोली निराळी असते, त्या त्या माणसासाठी घडवलेली. आणि उत्तरच मिळालं नाही तर, असं मी विचारलं. बाई इंजेक्शनात औषध भरत होत्या. वर न बघता म्हणाल्या, “मग काही मांजरं बोलायचं सोडून देतात, काका. गप्प मांजर सुखी असतंच असं नाही.”

येताना टोपली मांडीवर घेऊन मी बसथांब्यावर दोन बस सोडल्या.

तुझ्याशी ती किती बोलायची. तू क्लासहून आलीस की दारातच तुमची बैठक सुरू व्हायची. तिचा दुधाचा आवाज वेगळा, खिडकी उघड म्हणायचा वेगळा, आणि तू उशिरा आलीस की तो लांबलचक तक्रारीचा, ज्याला तू हात जोडून माफी मागायचीस. तू सासरी गेल्यावर पहिले दोन महिने ती माझ्यापुढेही बसून ओरडायची. मी काय केलं? हात वर केला. तुला तो हात चांगला ठाऊक आहे.

लोक मूग गिळून गप्प बसतात, मी टाचण्या धरून. तू कापायच्या टेबलाखाली बसून शाळेतलं सगळं सांगायचीस, आणि मी ओठांत टाचण्या धरून मशीनपाशी वाकलेला. तू काही विचारलंस की मी डावा हात वर करायचो, थांब. टाचण्या संपेपर्यंत तू विषय विसरलेली असायचीस, किंवा तसं दाखवायचीस. तुझी आई होती तोवर ती ओरडायची, आधी ते तोंडातलं लोखंड काढा. ती गेल्यावर मला टोकणारं कोणी उरलं नाही. तू हळूहळू कमी बोलायला लागलीस आणि मी गिऱ्हाइकांना सांगायचो, पोरगी आता समजूतदार झाली. तुझ्या आणि ठिगळीच्या, दोघींच्या बाबतीत एकच चूक केली बघ, आणि दोन्ही वेळा वर कौतुक करत बसलो.

आता त्या दुपारचं लिहितो. लिहायचं होतं ते हेच, बाकी सगळी पायवाट. गेल्या वर्षी तू न कळवता आलीस, एक बॅग घेऊन. मी एका कोटाची बाही जोडत होतो, संध्याकाळी द्यायचा होता. तू पाणी घेतलंस, उभ्या उभ्याच म्हणालीस, “बाबा, मी काही दिवस इथंच राहिले तर चालेल का?” मी हात वर केला. बाही जोडून झाली आणि मान वर केली तर टेबलावर अर्धा पेला पाणी होतं, तू नव्हतीस. ठिगळी दाराकडे तोंड करून बसली होती. रविवारी फोनवर तू म्हणालीस, सगळं ठीक आहे, आणि मी बरं म्हणालो. तुला वाटलं असेल, बाबांना ऐकूच गेलं नाही. बडबडे, मला ऐकू आलं होतं. दारातून आत येणाऱ्याचा कुठला खांदा खाली आहे हे ओळखणारा माणूस मी. तुझ्या कपड्यांची खांद्याची शिवण दंडावर उतरली होती, एवढी तू वाळली होतीस, आणि तेही मी पाहिलं होतं. तोंडात फक्त तीन टाचण्या होत्या. काढायला किती वेळ लागतो? पण काढल्या असत्या तर काय झालं म्हणून विचारावं लागलं असतं, आणि तू जे सांगितलं असतंस त्याची मला भीती वाटली. शेजारी काय म्हणतील याचीसुद्धा वाटली, खोटं कशाला बोलू. बाही मात्र फार सुरेख बसली होती.

हल्ली टाचण्या त्यांच्या छोट्या उशीवरच खोचतो. ठिगळीनं नुसतं वर पाहिलं तरी काय गं म्हणतो, वेडा म्हणाली असेल मनात. काल सकाळी दूध तापवताना ती पायाशी आली, शेपूट ताठ, आणि तोंड उघडलं. आवाज घोगरा, गंजलेल्या बिजागरीसारखा. मी लगेच उत्तर दिलं. ती पुन्हा बोलली. दूध उतू गेलं, जाऊ दे. तेव्हाच ठरवलं की तुझ्या प्रश्नाचं उत्तरही आता लिहून टाकायचं, फोनवर मी पुन्हा नुसतं “बरं” म्हणून सुटेन. तर उत्तर असं: हो, चालेल. काही दिवस, काही वर्षं, कायमची. काय झालं ते सांगावंसं वाटलं तर सांग, नाही वाटलं तर नको. तुला आता यायची गरज नसेल, किंवा माझ्याशी बोलायची सवय मोडली असेल, तर तो माझा दोष, तुझा नव्हे. पण तू विचारलं होतंस आणि मी ऐकलं होतं, एवढं तुला कळायला हवं.

तुझाच, तोंड रिकामं ठेवून बसलेला,
बाबा