वरचे दोन दात

शहादा

प्रिय हेमकांत,

फोनवर मी दातांचं नाव काढलं की तू लगेच ऊस आणि कारखान्यावर येतोस, म्हणून आज कागद घेतला. पूर्ण वाच, मधेच ठेवून देऊ नकोस.

विसरवाडीच्या अपघातानंतर मी तुला नुसतं "बरा आहे" एवढंच सांगू शकलो. खरं म्हणजे वरचा समोरचा एक दात मुळासकट गेला होता आणि शेजारचा अर्धा तुटला होता. क्लॅरिनेट वाजवताना वाद्याचं तोंड वरच्या दातांवरच टेकतं रे. ते नसले की नुसती हवा जाते. अब्बांच्या बँडमध्ये लहानपणापासून पुढे चालणारा मी, त्या लग्नसराईत मागे राहून भोंग्याची गाडी ढकलत होतो. मिशी वाढवली. हसायची वेळ आली की रुमाल तोंडावर. शेवटी यास्मीन चिडली. म्हणाली, "अजी, बीवी के सामने तो हँसो!" दुसऱ्याच दिवशी मी नंदुरबारची बस धरली.

तिथल्या दातांच्या डॉक्टर अलमास मॅडमनी सगळं नीट समजावलं. काढता-घालता येणारी कवळी लगेच मिळेल, पण फुंकताना हलेल. ब्रिज पक्का बसेल, पण त्याच्यासाठी पलीकडचा धडधाकट दातही घासावा लागेल. तिसरा उपाय इम्प्लांटचा: हाडात स्क्रू बसवायचा, हाड त्याला धरेपर्यंत काही महिने थांबायचं, मग वर दात. तुटलेल्या दाताला रूट कॅनल करून कॅप. मला फोटोत बरं दिसायचं असेल असं त्यांना वाटलं. मी म्हणालो, "मॅडम, दिसणं नंतर बघू. मला वाजवायचंय." त्या म्हणाल्या, "मग इम्प्लांटच करू. पण मी सांगेपर्यंत क्लॅरिनेट तोंडाला लावायचं नाही. जमेल?" म्हटलं, जमवीन.

जमवलं, पण सोपं नव्हतं. तोपर्यंत लोकांत जायला एक तात्पुरता दात दिला होता, त्यामुळे रुमाल सुटला. रोज क्लॅरिनेट मांडीवर घेऊन बसायचो आणि न फुंकता नुसती बोटं चालवायचो. अब्बा समोरून जायचे. एकदा माझ्या बोटांकडे बघून म्हणाले, "तिसरी पट्टी उशिरा दाबलीस." आवाज नसताना ओळखलं त्यांनी! त्या दिवशी मला खात्री पटली की मी परत वाजवणार.

पक्के दात बसवायच्या वेळी मॅडमनी रंगांचे नमुने पुढे ठेवले. अगदी पांढरेशुभ्र आणि सरळ रेषेत करता येतील म्हणाल्या. माझा तो दात आधी जरा तिरपा होता, आठवतं? शाळेत तू त्याच्यावरून चिडवायचास. मी त्यांना निकाहचा फोटो दाखवला आणि म्हटलं, होता तसाच तिरपा करा, रंगही बाकीच्या दातांसारखा. त्यांनी मला क्लॅरिनेट घेऊनच बोलावलं होतं. दवाखान्यातच फुंकलं. पहिला सूर म्हशीच्या रेडकासारखा निघाला आणि बाहेर गाल सुजवून बसलेले पेशंट हसायला लागले. मॅडमनी दात किंचित घासला, परत फुंकलं, परत घासला. मग सूर असा स्वच्छ लागला की बाहेरचं हसणं थांबलं. मला रडू आलं. मॅडम म्हणाल्या, "आधी आरशात बघा तरी!"

आता बँडच्या पुढे मीच चालतो.

परवा तुझ्या आई, मोहिनीकाकी, बाजाराला आल्या होत्या, तेव्हा आमच्या बँडच्या दुकानात आल्या. डोळ्यांत पाणी. "तौहिद, मन्हा पोऱ्या घर येस नही रे. लगीनबी पुनामाच करसू म्हनस, वाजाबिगर." घरी न येण्याचं आणि लग्न पुण्यातच, वाजंत्रीशिवाय करण्याचं कारण तू त्यांना सांगितलं नाहीस, पण मला कळलं. विसरवाडीला मोटारसायकल तुझ्या हातात होती आणि मी मागे बसलो होतो, एवढंच ना? पुढच्या ट्रकने अचानक ब्रेक मारला, कोणीही असतं तरी धडकलंच असतं. मला दात गेल्याचं दुःख झालं, पण तू तोंड चुकवून पुण्यात राहिलास त्याचं जास्त झालं. म्हणून हे पत्र. लग्न तापीकाठी, तुझ्या गावातच होईल. तुला न विचारता मी काकींना शब्द देऊन बसलोय. तारीख कळव, त्या दिवशी आम्ही दुसरी सुपारी घेणार नाही. तू घोड्यावर बस, पुढे मी आहे. गाणं संपलं की मागे वळून तुझ्याकडे बघून तोंडभर हसणार आहे. तेव्हा मान खाली घातलीस तर याद राख.

तुझाच वाजंत्री दोस्त,
तौहिद