शिट्टी वाजताच सर्वांनी...

तीर्थरूप मामांना,

तुमच्या भाच्याचा (घड्याळवाल्याचा, बँकेतल्याचा नव्हे) शिरसाष्टांग नमस्कार. डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं हे मामींच्या फोनवरून कळलं आणि जिवात जीव आला. पट्टी निघेपर्यंत वाचायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलंय, तेव्हा हे पत्र मामींनीच वाचून दाखवावं. शिंपीबुवांचं पत्र आलं असेल तर ते मागाहून उघडावं. ते गृहस्थ कापड सरळ कापतात, पण हकिगत कधीच सरळ सांगत नाहीत.

तर विषय स्मृतिदिनाच्या फुटबॉल सामन्याचा. युद्धात गेलेल्यांची आठवण काढायच्या दिवशी बेकरीवाल्यांनी आणि टपालवाल्यांनी चेंडूमागे धावावं, हे तुम्हाला कधीच पटलं नाही. धाकटे मामा लढाईत गेल्यापासून त्या दिवशी तुम्ही मैदानावर पाऊल ठेवलेलं नाही. यंदा मैदान समितीचे अध्यक्ष म्हणून तुम्ही परवानगी दिलीत तीही अटीवर, की जरा जरी गालबोट लागलं तर पुढच्या वर्षापासून सामना बंद. मामा, गालबोट लागलं. पण कसं लागलं ते शांतपणे ऐकून घ्या (आणि मामी, ठसका लागला तरी मध्येच थांबू नका).

दरवर्षी मौन सुरू होतं ते बंबवाल्या काकांच्या बिगुलाने. यंदा त्यांचे पुढचे दोन दात काढल्यामुळे बिगुलातून नुसती हवा येत होती. म्हणून ठरलं की मौन शिट्टीने सुरू करायचं आणि शिट्टीनेच संपवायचं. पंच मीच, त्यामुळे शिट्टी माझ्याच गळ्यात. घड्याळं दुरुस्त करणाऱ्याला दोन मिनिटं बरोबर मोजता येतात असा लोकांचा समज आहे, तो मी आजवर मोडला नव्हता.

दोन्ही संघ उभे, चेंडू मधोमध. हेडमास्तरांनी माइक हातात घेतला आणि म्हणाले, "शिट्टी वाजताच सर्वांनी..." आणि माइक बंद पडला. मंचाजवळ उभ्या असलेल्या बेकरीवाल्यांनी पुढचं नुसत्या कानांनी ऐकलं. टपालवाल्यांचा नऊ नंबर लांब उभा होता, त्याला एवढंच कळलं की शिट्टी वाजताच सर्वांनी काहीतरी करायचंय. मी शिट्टी वाजवली. बेकरीवाल्यांनी माना खाली घातल्या. नऊ नंबरने, शिट्टी ऐकल्यावर त्याचे पाय आयुष्यभर जे करत आले तेच केलं. गोलात बेकरीवाल्यांचा गोलकीपर, म्हणजे त्यांचा भट्टीवाला, हात जोडून, डोळे मिटून उभा. चेंडू त्याच्या कानाजवळून जाळीत गेला, तरी त्या भल्या माणसाने डोळे उघडले नाहीत. मौन म्हणजे मौन!

आता भांडण व्हायला हवं होतं, पण बोलायचं कसं? शांतता चालू होती ना. बेकरीवाल्यांचा कप्तान मान खाली घालून डोळ्यांनी मला शिव्या घालत होता. टपालवाले श्रद्धांजली वाहता वाहता गालात हसत होते. नऊ नंबरला एव्हाना आपण काय केलं ते उमगलं होतं आणि तो जमीन दुभंगायची वाट पाहत होता. रेषेवरच्या शिंपीबुवांनी सवयीने निशाण वर केलं, आणि आता मौनात हलायचं कसं, म्हणून तसंच धरून ठेवलं. ते निशाण पाहून दोन निवृत्त सैनिकांनी कडक सलाम ठोकला. मग तर शिंपीबुवांची निशाण खाली घ्यायची सोयच उरली नाही.

दोन मिनिटं झाली, हे मला कळलं होतं. पण शिट्टी वाजवली की तिथे मारामारी जुंपणार हेही कळलं होतं. म्हणून मी वाजवली नाही. झेंड्याच्या काठीची सावली माझ्या बुटावर होती, ती बूट ओलांडून पलीकडे गेली, तरी मी शिट्टी दातात धरून उभाच. गंमत म्हणजे हळूहळू लोकांचा राग ओसरला. इतका वेळ गप्प राहिल्यावर माणूस करणार काय? ज्याला ज्याची आठवण यायची त्याला ती खरोखरच यायला लागली. बेकरीवाल्यांच्या कप्तानाने तर डोळे पुसले. मलाही धाकट्या मामांचा आवाज आठवला. इतक्या वर्षांत तो आठवला नव्हता, मामा.

शेवटी पहिल्या रांगेतून आपली मावशी उठली. काठी टेकत गोलापर्यंत गेली, जाळीतला चेंडू काढून तिने भट्टीवाल्याच्या हातात दिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आमचा धाकटाही गोलात उभा राहून असेच गोल खायचा. शिट्टी झाली तरी त्याचं लक्ष आपलं दुसरीकडेच!" आणि हसली. स्मृतिदिनी मावशी हसलेली मी आजवर पाहिली नव्हती. भट्टीवाला हसला, मग सगळं मैदान हसलं. मी लगेच शिट्टी वाजवून टाकली. पुढचा सामना इतका गुण्यागोविंदाने झाला की पंच म्हणून मला काही कामच उरलं नाही.

घरी सगळे खुशाल. मामींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. डोळ्याला पाणी लागू देऊ नका.

तुमचा आज्ञाधारक भाचा

ता. क. निकाल लिहायचा राहिला. तो गोल धरला तर टपालवाले जिंकले, नाही धरला तर बरोबरी. निर्णय अध्यक्षांचा. सामनाच बंद केलात तर दोन्ही संघ हा वाद तुमच्या दारात आणून सोडवतील, एवढं ध्यानात असू द्या.

ता. क. दोन. शिट्टीला झालेल्या उशिराबद्दल लोकांना मी सांगितलं की माझं घड्याळ बंद पडलं होतं. तेव्हापासून दुकानात कुणी फिरकलेलं नाही.

ता. क. तीन. नऊ नंबर म्हणजे तुमचेच जावईबापू. निकाल निःपक्षपाती लागावा म्हणून वर लिहिलं नाही.

ता. क. चार. मावशी शेजारी बसली आहे. म्हणते, "बाकी काय हवं ते लिही. दादाला एवढंच विचार, पुढच्या वर्षी तरी येतोस का? मी दरवर्षी शेजारची खुर्ची त्याच्यासाठी धरते. तिच्यावर पिशवी ठेवते, म्हणजे रिकामी दिसत नाही."