घाटाच्या गाडीतला फोटो

॥ जय सेवालाल ॥

सेनगाव,
ता. १४ जानेवारी २००२

चि. दिपक यास,

शिलाताईचे अ. उ. आशीर्वाद. इकडे सगळे खुशाल. आपले बा पण खुशाल आहेत, आणि हे मुद्दाम लिहिते, कारण परवा त्यांना रडायला जीपभर माणसं तांड्यावर येऊन गेली.

तू अमरसिंगमामाला पाकिटात त्यांच्या बहिणीचा, आपल्या याडीचा, नुसता फोटो घालून पाठवलास. चिठ्ठी नाही, पाठीमागे याडी, मुंबई एवढीच अक्षरं. फोटोत याडीच्या डोक्यावर चांदीची घुगरी नाही, टोपली नाही. केस सुटलेले, डोळे मिटलेले, हात वर आणि तोंड वासलेलं. अरे, आपल्या बाईच्या केसांतली ती चांदी नवरा गेल्याशिवाय कधी उतरते का? मामांनी काय समजायचं? त्यांनी कळमनुरीहून जीप केली, दुखवट्याचं लुगडं आणि फेटा घेतला, आणि मामी तर गोरेगावपासूनच हंबरडा फोडत आल्या.

बा तेव्हा लिंबाखाली बाजेवर दाढी करत बसले होते. तोंडाला साबण असल्यामुळे मामींनी त्यांना ओळखलं नाही. त्यांनाच विचारलं की कसं झालं, शेवटी काही बोलले का. मग ओळखलं आणि पुन्हा नव्याने किंचाळल्या.

हसू नकोस. मामांनी फोटो पुढे केला तेव्हा बांचा चेहरा पडला. त्यांनी याडीला एवढंच विचारलं की मी जिता असताना काहून उतरवलं. याडी म्हणाली, गाडीत बसायला. तेव्हापासून बा तिच्याशी बोलत नाहीत की तिच्या हातचं जेवत नाहीत. शाळा सुटली की मी रोज डबा घेऊन सेनगावहून जीपने तांड्यावर जाते. माझ्या घरी कोण काय जेवतं, ते विचारूच नकोस. चाळीस वर्षांचा संसार तुझ्या एका फोटोने मोडायला आलाय. साठीच्या बाईला कसल्या गाडीत बसवलंस, ते सविस्तर कळव.

लोभ आहे, पण तूर्त तो आखडून धरला आहे.

तुझी,
शिलाताई


घणसोली,
ता. २४ जानेवारी २००२

सौ. शिलाताईस,

दिपकचा सा. न. वि. वि. पत्र मिळालं. आधी हे सांगतो की मी कुणाला मारलेलं नाही. फोटो बघून मामा खूश होतील असं वाटलं, आणि चिठ्ठी लिहायची राहून गेली. तेवढा गाढवपणा कबूल.

दिवाळीनंतर याडी माझ्याकडे होती, तेव्हा कंपनीने सगळ्यांना घरच्यांसकट एका मोठ्या पार्कला नेलं. मला वाटलं, ती सावलीला भाकरीचं गाठोडं सांभाळत बसेल. तिने आधी पाळणे उरकले, मग पाण्यातल्या होड्या, आणि मग तिला तो रोलर कोस्टर दिसला. ती त्याला घाटाची गाडी म्हणते. दारावरच्या माणसाने सांगितलं की डोक्याला लोंबणारं काही चालणार नाही. मला वाटलं, सुटलो. याडीने पाठ फिरवली, ओढणीच्या आड सगळी चांदी उतरवली, माझ्या रुमालात बांधून दिली आणि रांगेत जाऊन उभी राहिली. मला बघूनच चक्कर येते, म्हणून मी रुमाल धरून खाली थांबलो. गाडी उताराला लागते तिथे पार्कवाल्यांनी कॅमेरा लावलाय, त्यातला तो फोटो.

ताई, ती एकदा बसून ऐकेना. दिवसभर तेच. संध्याकाळपर्यंत तिला त्या गाडीची नस न् नस कळली होती. म्हणे पुढच्या डब्यातून दिसतं जास्त, पण मजा शेवटच्या डब्यात; पुढचे उताराला लागले की शेवटचा फरफटत ओढला जातो आणि पोट वरच राहतं. सकाळी गाडी सुस्त असते, ऊन चढलं की चाकं मोकळी होतात. हे ती रांगेतल्या कॉलेजच्या पोरांना समजावत होती, आणि ती पोरं तिला शेवटची जागा सोडत होती. माझं जेवण राहिलं, याचं कुणाला काही नाही.

बांची समजूत तूच काढ. आखडलेला लोभ जरा सैल करावा, ही विनंती.

तुझा,
दिपक


तांडा, गोरेगाव (जि. हिंगोली),
ता. ५ फेब्रुवारी २००२

चि. दिपकला याडीचे आशीर्वाद.

(ती सांगते तसं लिहिते आहे. मध्ये बोलायची मला मनाई आहे. शिला.)

लेकरा, मी बरी हाय. तुझा बा माझ्यासंगं बोलून न्हाई राहिला. म्हशीसंगं बोलतो, मला ऐकू येईल असं. तिला सांगतो का बायकोनं मला जिताच मेल्यात काढलं. म्हशीनं काय करावं त्याला.

मी काही माफी मागणार न्हाई. लग्नात चढवलेली चांदी म्या बाळंतपणात न्हाई उतरवली. तुझा बा हिंगोलीच्या दवाखान्यात पडला, डॉक्टरनं आशा सोडली, बाया माझ्या डोस्क्याकडं बघून राहिल्या होत्या, तवा बी कोणाला हात लावू दिला न्हाई. गाडीसाठी उतरवली, कारण तिथं कोणी तो मेला म्हणणार न्हवतं. तिथं कोणाला ठावच न्हाई मी कोणाची कोण.

ती गाडी खडखड करत वर चढते, तवा मागून कोणी हाक मारत न्हाई. चुलीवर काही ठेवलेलं न्हाई. टोकावर जराशी थांबते, मंग सुटते. लेकरा, मला लई हसू येते. एवढं हसू मला जन्मात आलं न्हाई. त्या फोटोत मी रडून न्हाई राहिले, हसून राहिले. तुझ्या बानं एकडाव बी इचारलं न्हाई का तिथं काय पाह्यलं. मला त्याचीच तकलीफ हाय.

पुढची सहल कवा हाय ते कळव.

तुझी याडी,
मिराबाई

ता. क. याडीचं पत्र लिहून झालं की मोठ्याने वाचून दाखवावं लागतं, ते तुला माहीत आहे. मी वाचलं. बा ओट्यावर दोर वळत होते, ते दवाखान्याच्या ओळीला थांबले. शेवटी, तिला नव्हे, मला म्हणाले की दिपकला लिही, दोन तिकिटं काढ म्हणावं. ही काय पाहून आली ते मी बी पाहतो. आणलेला दुखवटा परत नेत नाहीत, म्हणून मामा तो इथेच ठेवून गेलेत. त्यातला नवा फेटा बांधून बा मुंबईला येणार आहेत. आपल्याच मौतीचा फेटा. मी हात टेकले. त्यांना घ्यायला स्टेशनवर वेळेवर जा, आणि या खेपेला फोटो कुणालाही पाठवू नकोस. शिलाताई.


घणसोली,
ता. २५ फेब्रुवारी २००२

सौ. शिलाताईस,

सा. न. वि. वि. दोघं आली. प्रवासभर बा बोलले नाहीत असं याडी म्हणाली. इथेही काही हवं असलं की मलाच सांगत होते. दोघांच्या मध्ये बसून माझं डोकं उठलं. तू हे दीड महिना कसं केलंस, देव जाणे.

काल पार्कला गेलो. दारावरच्या माणसाने बांना सांगितलं की फेटा काढावा लागेल. आपल्यात घरात कोणी गेल्यावरच गडी माणूस चारचौघांत डोकं उघडं करतो. बांनी फेट्यावर हात ठेवला. याडीने पाठ फिरवून आपली चांदी उतरवली आणि माझ्या रुमालात बांधली. ती बांना चल म्हणाली नाही की राहू दे म्हणाली नाही. मग बांनीच फेटा सोडला आणि माझ्या हातात दिला. दोघांचं सगळं पोटाशी धरून मी खाली उभा, आणि मला वाटत होतं की आता यांतलं एक जरी धड परत आलं नाही तर ताईला काय सांगू.

याडीने त्यांना शेवटच्या डब्यात बसवलं. गाडी टोकावर थांबली, सुटली, आणि बा ओरडले. खाली मला स्वच्छ ऐकू आलं. ते याडीचं नाव घेऊन ओरडले. मिरा, म्हणून, दोनदा. ताई, ते नाव त्यांच्या तोंडून तू तरी कधी ऐकलंस का? आजवर ती शिलाची याडी, एवढंच. माझे डोळे भरून आले आणि रुमालात तर चांदी होती.

उतरल्यावर बा बाकावर बसले. कुणाकडे न बघता ते फेटा बांधायला लागले. मग दीड महिन्यानंतर पहिल्यांदा याडीशी बोलले. म्हणाले की तू उतरवलं, म्या बी उतरवलं, आता बराबर झालं, घरी चल. याडी म्हणाली की वर तुमी काही बोलला जणू, पण वाऱ्यात मला ऐकू आलं न्हाई, पुन्हा बसावं लागल.

बांनी अर्धा बांधलेला फेटा सोडला आणि परत माझ्या हातात दिला.

दोघं परत आल्यावर डबे न्यायची गरज नाही, आणि लोभ पहिल्यासारखा करावा.

तुझा,
दिपक