एका ओळीचा पुठ्ठा

९ नोव्हेंबर २००९, सोम.

काउंटरवरची सुरेखा आज थेट आमच्या कॉम्प्युटरच्या खोलीत. उरणची, आवाज मोठा. "मॅडम, माझ्या स्क्रीनवरना तो रिझल्ट काडून टाका. मानसं रिपोर्टचं पाकीट घेन्याआदी माझ्या तोंडाकडं बगतान. मला खोटं हसता येत नाय."

आमची ही तपासण्यांची लॅब इतकी वर्षं चालली आहे, हे कुणाला सुचलं नव्हतं. आमच्या कॉम्प्युटर विभागाच्या प्रमुख नाझनीन मॅडम हसल्या नाहीत, की उद्या बघू म्हणाल्या नाहीत. लगेच माझ्याकडे वळून, "मनाली, काउंटरसाठी वेगळा व्ह्यू तू बनव." मी! नोकरीला लागून जेमतेम चार महिने.

१० नोव्हें.

मला वाटलं, टेबलातून, म्हणजे सगळ्या पेशंटची माहिती साठवलेल्या तक्त्यातून, रिझल्टचा कॉलमच पुसायचा. मॅ. घाबरल्याच. "या अल्लाह, पुसू नकोस काही! डॉक्टरांना काय दाखवशील? टेबल तसंच राहणार. व्ह्यूत काही साठत नाही गं. तो नाव दिलेला सवाल आहे, बस. सुरेखाने उघडला की तोच सवाल टेबलाला जाणार, आणि विचारलं तेवढंच येणार."

किती सोपं करून सांगतात. घरी येताना एकदम आत्याचा पुठ्ठा आठवला. दम्यामुळे मला शाळा नव्हती, चौथीपर्यंत आत्यानेच घरी शिकवलं. भरगच्च पान पाहून मी रडायचे. मग तिने पुठ्ठ्याला ओळीएवढी खाच पाडली. तो पानावर ठेवायचा, एक ओळ वाचायची, खाली सरकवायचा. पान तिथेच, अख्खं. मला दिसायची एकच ओळ.

आत्याला हे सांगितलं. "म्हणजे मी तेव्हाच कॉम्प्युटरवाली की! मागचा सगळा पगार आण माझा."

१२ नोव्हें.

व्ह्यू लिहिला. नंबर, नाव, रिपोर्ट तयार की नाही. तपासणीचं नाव ठेवायचं का, यावर सकाळभर अडले. मॅ. ना विचारलं.

"पाकीट शोधायला सुरेखाला ते लागतं?"

"नाही, नंबरवरून शोधते."

"मग कशाला? तपासणीच्या नावावरूनही माणसं अंदाज बांधतात."

काउंटरच्या लॉगिनला फक्त व्ह्यूचा हक्क दिला, टेबलाचा नाही. पुन्हा पुन्हा चालवून पाहिला. कुठे काही सांडत तर नाही ना...

१४ नोव्हें., शनि.

सुरेखा खूश. "आता कुनी इचारलं का सांगतंय, मला दिसतच नाय, पाकिटात हाय!"

१७ नोव्हें.

आत्याच्या मानेत गाठ आली आहे. डॉक्टरांनी आज तुकडा काढून तपासायला पाठवला. आमच्याच लॅबमध्ये.

आत्या जेवताना म्हणाली, "मने, रिपोर्ट आधी मी वाचणार. तू तिथे आहेस म्हणून डोकावायचं नाही. मला तुझ्या तोंडावरून कळायला नको."

बरं म्हटलं. पण माझ्या लॉगिनला टेबल उघडतं. सगळं दिसतं.

१८ नोव्हें.

दिवसभर कामात लक्ष नाही. आज तिथे काहीच नसणार हे ठाऊक असून बोटं तिकडे जात होती. रिपोर्ट येईल त्या दिवशी माझा भरवसा मला नाही.

मॅ. कडे गेले. "माझा टेबलावरचा हक्क काढाल?"

"काम अडेल की तुझं."

"टेबलाची खोट्या नावांची कॉपी आहे, तिच्यावर करीन."

"कारण?"

"घरचं आहे."

त्यांनी लगेच कीबोर्ड ओढला. एक ओळ टाइप केली, म्हणाल्या, "आता बघ उघडून." परवानगी नाही, असं लाल अक्षरांत आलं. एरर पाहून इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. थोड्या वेळाने माझ्या टेबलावर चहा आला. मी मागवला नव्हता.

मला त्यांच्यासारखं व्हायचंय.

२४ नोव्हें., मंगळ.

सकाळी व्ह्यूत आत्याच्या नावापुढे 'तयार'. बाकी काही नाही. कितीही वेळा उघडलं तरी तेवढंच. मीच तसा केलाय.

घरी फोन केला. आत्या रिक्षाने आली. इस्त्रीची साडी, हातात चष्म्याचं घर. सुरेखाने पाकीट काढलं आणि नकळत मीसुद्धा सुरेखाच्या तोंडाकडे पाहिलं. तिथे काहीच नव्हतं. "घ्या आत्या," एवढंच.

"तू आत जा," आत्या म्हणाली. "वाचून झालं की हाक मारते."

आत बसून हे लिहिते आहे. काचेतून बाकावर ती दिसते. रिकामं पाकीट रिपोर्टवर आडवं धरलंय, एकेक ओळ खाली सरकवते आहे.

अजून हाक आलेली नाही.