बर्फ इथे, हॉकी तिथे

गिमलीजवळ, मॅनिटोबा
८ जानेवारी १९९८

ती. टेक्लाताईस,

धाकट्या ओरेस्टचा नमस्कार. तुझे सांधे, भाऊजींचा रक्तदाब आणि तुमच्या दारातलं निवडुंग, तिघांचंही बरं चाललंय असं धरून चालतो. इथे उणे चौतीस आहे. (तुमच्याकडे किती ते कळवू नकोस. मागच्या पत्रात तू ऐन डिसेंबरात अंगणातली लिंबं तोडल्याचं लिहिलंस, ते वाचून मी दोन दिवस कुणाशी बोललो नाही.) अक्षर कोंबडीचे पाय वाटेल, तिकडे कानाडोळा कर.

नोव्हेंबरात दुकानात पुन्हा तोच वाद निघाला, की आपली विनिपेगची आइस हॉकीची टीम बर्फ सोडून तुझ्या वाळवंटात का गेली. दुकानदार म्हणे, शहर लहान, सरहद्दीपलीकडच्या डॉलरपुढे आपला डॉलर लुळा, आणि काचेआड बसून कोळंबी खाणाऱ्या शेठ लोकांसाठी आपल्या स्टेडियमात खोल्याच नाहीत. असेल बुवा. पण माझं म्हणणं वेगळं. आधी तू तिकडे राहायला गेलीस. मग कोवाल्चुकांची म्हातारी गेली, मग दाताचा डॉक्टर, मग निम्मं चर्च. ज्याचे गुडघे गेले तो तिकडे गेला, आणि या सगळ्यांच्या मागोमाग टीम गेली. हॉकीची टीम बर्फामागे जात नाही ताई, गुडघ्यांमागे जाते. हे मी भर दुकानात ठणकावून सांगितलं, तर आपली शेजारीण सिग्रून (तीच ती, तळ्यावर मासे धरणारी, तिचा नवरा वारला तरी जाळी तिने सोडली नाहीत) म्हणते कशी, "ओरेस्ट, तुला टीम गेल्याचं दुःख आहे की बहीण गेल्याचं, ते एकदा ठरव की रे!" मी खिळे घेतले आणि घरी आलो.

आणि खरं सांगू का, आपल्या गावाला टीम हवी होती कधी? तळं गोठलं की सगळा गाव तळ्यावर. बाबांचे बूट म्हणजे गोलचे खांब, आणि चकती म्हणजे घोड्याची गोठलेली लीद. (मार्चात ऊन तापलं की खेळ बंद ठेवावा लागे. का, ते तुझ्याइतकं कुणाला ठाऊक! गोलमध्ये तूच असायचीस.) पोटाला उशी बांधून उभी राहायचीस, पाद्रीबाबांनी मारलेली चकतीही सोडायची नाहीस. मग आई दारातून हाका मारायची. तू शहाण्यासारखी आत जायचीस, आणि मी "शेवटचा गोल, शेवटचा गोल" करत रिकाम्या बुटांमध्ये एकटाच गोल मारत बसायचो. तिकीट काढून बघत बसायला मोकळं होतं कोण? जिथे सगळेच खेळतात, तिथे टीमला कोण विचारतो! टीम बघणाऱ्यांच्या गावी जाते. त्या दिवसांची फार आठवण येते गं.

म्हणून यंदाही हट्टाने अंगणात पाणी सोडून बर्फ केला. खेळायला कुणी येत नाही, पण अंगणाला सवय आहे. पाण्याचा पाइप गोठला, मी ओढला, तो अचानक सुटला, आणि मी पाठीवर घसरत थेट गोलमध्ये! चाळीस वर्षांत असा सुंदर गोल झाला नव्हता, बघायला मात्र फक्त कुत्रा. सिग्रूनने मला मासे ओढायच्या घसरगाडीवर घालून नेलं. वाटेत म्हणते, "हलू नकोस. याहून मोठे मासे याच गाडीवरून मुकाट गेलेत."

परवा, आपल्या जुन्या पंचांगाच्या नाताळच्या आदल्या रात्री, तिलाच जेवायला बोलावलं. रीतीप्रमाणे कुटियाच्या खिरीचा पहिला चमचा छताकडे भिरकावला, पण डाव्या हाताने. गहू, मध, खसखस, सगळं तिच्या चष्म्यावर. (छताला चिकटलं तर वर्ष चांगलं जातं. चष्म्याला चिकटलं तर काय, हे बाबांनी सांगितलं नव्हतं.) रीतीचं, परगावच्या माणसाचं रिकामं ताटही मांडलं होतं, तुझं. चष्मा पुसून तिने त्या ताटाकडे बोट केलं. मग म्हणाली, "ताट इकडे मांडून ती काय तिकडून जेवणार आहे? लिही तिला." म्हणून हे पत्र. बाकी सर्व क्षेम आहे.

तुझा,
ओरेस्ट

ता. क. सर्व क्षेम नाही. उजवा हात प्लास्टरमध्ये आहे आणि गुडघ्याने राम म्हटला आहे. डॉक्टर म्हणतात, यापुढे हिवाळ्यात एकट्याने राहायचं नाही. मी त्यांना गुडघ्यांचा सिद्धान्त समजावून सांगितला. ते म्हणाले, "मग जा की टीमच्या मागे."

ता. क. २. सामन्याला तुझ्या शेजारची खुर्ची रिकामी असते का? मी आता बघणाऱ्यांत आलो. (ओरडेन मात्र समोरच्या टीमच्या बाजूने. मला अजून राग आहे.) आणि चकती म्हणून ते जुनं सामान सरहद्दीवर येऊ देतात का, भाऊजींना विचारून ठेव. मी गोठवून आणीन.

ता. क. ३. अंगणात पार अंधार पडलाय गं ताई. एक हाक मार. या वेळी शेवटचा गोल म्हणणार नाही, लगेच येतो.