राजमातेच्या तोंडची वाक्यं

३ मार्च, सोमवार

मालिकेतली नायिका पुन्हा कड्यावरून पडली! ही तिसरी उडी. आणि अंगावरच्या पोशाखाचा एक टाका उसवलेला नाही. सात थर, रेशमी, गुडघ्यापर्यंत लोंबणाऱ्या बाह्या — नदीतून बाहेर आली तर बाह्यांची कड सरळच्या सरळ! बावीस वर्षं मी कपडे दुरुस्तीच्या काउंटरवर बसते. लोक नुसते बसमध्ये चढतात आणि शिवण फाडून घेऊन येतात. मला कुणी शिकवू नये.

पण बघते. रोज संध्याकाळी सहा ते सात, न चुकता. चिनी राजवाडा, उडणारे योद्धे, हजार वर्षांचं प्रेम. सासूबाई शेजारी. गेल्या वर्षी सासरे गेले तेव्हापासून त्या आमच्याकडेच असतात. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पार पिकलेला. त्यांना पडद्यावर फक्त रंग दिसतात — लाल, पांढरा, सोनेरी. चिनी कळत नाही आणि खालची इंग्रजी पट्टी दिसत नाही, म्हणून मी पट्टी वाचून मराठीत सांगते. सगळ्यांचे आवाज मीच काढते.

४ मार्च, मंगळवार

नायक अजून हसलेला नाही. अकरा भाग झाले! सासूबाईंनी त्याचं नाव 'बर्फ्या' ठेवलंय. नायिका म्हणजे शिक्षा म्हणून माणसात जन्मलेली कमळदेवता, तिला आम्ही 'कमळी' म्हणतो. दोघांची जोडी छान आहे. मला त्याच्या केसांचं फार कौतुक वाटतं. युद्धावर जाऊन आला तरी गुंता नाही.

दुकानातली इस्त्रीवाली हीच मालिका बघते. ती त्या दुसऱ्याच्या बाजूने आहे, म्हणजे जो छत्री धरून लांब उभा राहतो तो. "असा नवरा पाहिजे, गप्प उभा राहणारा," म्हणाली. मी म्हटलं, माझा आहे तसा. छत्री तेवढी नसते!

७ मार्च, शुक्रवार

आज एक गोष्ट केली. इथेच लिहिते, दुसरीकडे कुठे बोलायची सोय नाही.

राजमाता आली. बर्फ्याची आई. सोनेरी पोशाख, नखांवर सोन्याची टोपणं. लग्नानंतर कमळी पहिल्यांदा पाया पडायला गेली तर ही बाई म्हणाली, "रिकाम्या हाताने आलेली मुलगी माझ्या उंबरठ्याला शोभत नाही."

पट्टी मी मनातल्या मनातच वाचली. लग्नानंतर आठव्या दिवशी सासूबाई मला हेच म्हणाल्या होत्या. जवळजवळ हेच शब्द. ते आता त्यांच्याच शेजारी बसून, माझ्या तोंडाने, त्यांना कसे ऐकवू?

"काय म्हणाली गं?" सासूबाईंनी विचारलं.

तोंडातून निघून गेलं — "ती म्हणतेय, दमून आली असशील. जेवलीस का?"

सासूबाई म्हणाल्या, "बरी दिसते बाई."

८ मार्च, शनिवार

आज राजमातेने कमळीच्या कानशिलात भडकावली. फाडकन आवाज झाला. मी म्हटलं, "डास होता."

११ मार्च, मंगळवार

थाप अंगाशी येणार हे दिसायला लागलंय. आता रोज एक नवीन रचावी लागते. राजमातेने कमळीला बर्फात गुडघ्यावर बसवलं — मी सांगितलं, नवस फेडतेय. तिला राजवाड्याबाहेर काढलं — हवापालटाला पाठवलं. आज तिने विषाचा पेला पाठवला. मी म्हटलं काढा आहे. कमळीने तो प्यायला आणि रक्ताची उलटी केली. सासूबाईंना लाल रंग व्यवस्थित दिसतो!

"हे काय झालं?"

"कडू होता फार."

"आणि ही इतकी ओरडते का?"

"राजवाडा मोठा आहे, आई. लांबपर्यंत ऐकू जायला नको?"

स्वयंपाकघरात जाऊन ओढणी तोंडात कोंबली आणि पोट धरून हसले. पण हसून झाल्यावर वाईट वाटलं. आंधळ्या माणसाला फसवणं ते फसवणंच.

१३ मार्च, गुरुवार

दुकानातून आले. नऊ पँटी आखूड केल्या, एका नवरीचा झगा कमरेत सैल केला, मान मोडून आली होती. चप्पल काढतेय तोवर सासूबाई भिंत धरत दारापर्यंत आल्या. म्हणाल्या, "दमलीस? जेवलीस का दुपारी?"

एकवीस वर्षांत पहिल्यांदा!

मी "हो" म्हटलं आणि हात धुवायला गेले. नळ तसाच वाहत राहिला. मला माहीत आहे हे कुठून आलं. त्या बाईच्या तोंडी मी घातलं, तिथून ते त्यांनी उचललं. तरी काय बिघडलं? मला विचारलं तर खरं ना.

१५ मार्च, शनिवार

सासूबाई चहा पिताना म्हणाल्या, "मला त्या सगळ्यांत राजमाताच आवडते. सुनेला धरून आहे."

नवऱ्याने सासूबाईंच्या ऑपरेशनसाठी मंगळवारची तारीख मिळवलीय. आधी उजवा डोळा, मग महिन्याभराने डावा. तो खूश आहे. मीही आहे, म्हणजे असायलाच पाहिजे. बिचाऱ्या सासूबाई भिंती चाचपत फिरतात. पण मग मालिकेतलंही दिसणार. पट्टी इंग्रजी आहे, ती त्यांना वाचता येणार नाही. पण चेहरा? त्या राजमातेचा चेहरा वाचायला कुठलीही भाषा लागत नाही. भुवया बघितल्या तरी कळेल. मी आठ दिवस त्यांना कसं बनवलं हे कळेल. आणि मग ते दारात येणं बंद होईल. उरलेली वर्षं पुन्हा "मीठ दे" आणि "दार लाव" एवढ्यावर काढायची!

हे असं लिहिताना लाज वाटते. एका माणसाला दिसू नये असं मला वाटतंय का? नाही. नाहीच. दिसू दे. पण कळू नये.

१८ मार्च, मंगळवार

ऑपरेशन झालं. वीस मिनिटं. मी बाहेर बाकावर बसून तीन कपड्यांना काजं करून टाकली. हात स्वस्थ बसत नव्हते.

१९ मार्च, बुधवार

डोळ्यावरची पट्टी काढायला नवरा घेऊन गेला, मला रजा नव्हती. संध्याकाळी विचारलं, काय म्हणाले डॉक्टर? म्हणे, "मी बाहेर फोनवर होतो. आईला विचार."

सासूबाई काळा चष्मा लावून खुर्चीत. "धूसर आहे अजून. वेळ लागतो म्हणाले."

माझ्या जिवात जीव आला. देवा, कसली मी!

२४ मार्च, सोमवार

पाच दिवसांच्या सुट्टीनंतर मालिका पुन्हा सुरू. थेंब दिवसातून चार वेळा, ते मी अलार्म लावून घालते. अजून धूसरच म्हणतात. रंग तेवढे जरा उजळ दिसतात म्हणे.

कमळीची स्मृती गेली. बर्फ्या समोर उभा आणि ही विचारते, आपण कोण? या लोकांना दर वीस भागांनी स्मृती जायची सवयच आहे. आणि वैद्य प्रत्येक वेळी मनगटावर तीन बोटं ठेवून सगळं सांगतो — विष, ताप, प्रेम, दिवस गेलेले. आमच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे एवढाली यंत्रं आहेत तरी त्यांना "थांबा, बघू" म्हणावं लागतं.

पण बर्फ्या हसला! सत्ताविसाव्या भागात! तिला काही आठवत नव्हतं, तरी तिने त्याच्या बाहीचा सुटलेला धागा दातांनी तोडला, तेव्हा. मला भरून आलं. प्रेम असंच असतं, मी लिहून देते. बाकी सगळं उडणं-बिडणं राहू दे.

२८ मार्च, शुक्रवार

राजमातेचा मोठा प्रसंग. पाच मिनिटं कमळीला घालूनपाडून बोलली. पट्टी इतकी विषारी की मला मराठी सुचेना. मग सुचलं ते बोलत गेले — की पहिल्या दिवशी मी तुला टाकून बोलले, ते माझ्या मनात सलतंय. तू काय आणलंस ते मला तेव्हा दिसलं नाही.

मनातलं कधी बाहेर पडलं कळलंच नाही. सासूबाई पडद्याकडे बघत होत्या.

"परत सांग," म्हणाल्या. "काय म्हणाली ती?"

परत सांगितलं. या वेळी पट्टीकडे न बघता.

"हं," म्हणाल्या. आणि माझा गुडघेदुखीचा पट्टा मांडीवर सरकला होता, तो हाताने नीट केला. काही न चाचपडता.

२ एप्रिल, बुधवार

इस्त्रीवालीने शेवटपर्यंत बघून टाकलं, गुपचूप! "सांगू का?" म्हणते. मी कानात बोटं घातली. तिच्या हातात गरम इस्त्री होती म्हणून माझ्या तडाख्यातून वाचली.

सासूबाईंनी आज माझ्या पाठीवरून हात फिरवला. कारण काहीच नाही. छान दिवस.

७ एप्रिल, सोमवार

उद्या तपासणी. दुसऱ्या डोळ्याची तारीख ठरेल. या वेळी मी रजा टाकलीय. उजवा अजून धूसर कसा, हे विचारायचंय. हलगर्जीपणा झाला असेल तर सोडणार नाही!

८ एप्रिल, मंगळवार

डॉक्टरांशी भांडायच्या तयारीने गेले. त्यांनी कागद काढून दाखवला. म्हणाले, "अहो, उजवा डोळा उत्तम आहे. पट्टी काढली त्याच दिवशी यांनी शेवटची ओळ वाचली होती."

मी सासूबाईंकडे बघितलं. त्या चष्म्याची काडी पुसत होत्या.

बाहेर आल्यावर म्हणाल्या, "त्या बयेचं थोबाड मालिका परत सुरू झाली त्याच दिवशी बघितलं मी. बघितलं आणि मला माझंच आठवलं. तू सांगतेस ती वेगळी आहे. मला ती व्हायचंय. दहा भाग राहिलेत ना? नीट सांग."